कपाटातली हार्ड डिस्क आणि मोगली दफ्तर

#थ्रेड #इतिहास #छत्रपतीसंभाजीनगर

१/ जुना डेस्कटॉप नवा करायला घेतला की त्यातून एक-दोन हार्ड डिस्क उरतात. वर्तमानपत्रात गुंडाळून त्या कपाटात जातात, नाहीतर भंगारवाल्याच्या हातगाडीवर. त्यांचे काय करावे, हा प्रश्न वरवर तंत्राचा दिसतो. मुळात तो इतिहासाचा आहे. छत्रपती संभाजीनगरने तो कागदाच्या रूपात पूर्वीच अनुभवला आहे, म्हणून आरंभ तिथूनच करू.

२/ मलिक अंबरने १६१० साली वसवलेल्या खडकीला औरंगजेबाने, दख्खनचा सुभेदार असताना, १६५३ साली औरंगाबाद हे नाव दिले. दख्खनच्या मोगली कारभाराचे हे मुख्य ठाणे झाले. जिथे कारभार तिथे कागद: मनसबा, जहागिरी, पगार, हजेऱ्या, हिशेब. वर्षानुवर्षे त्यांचे गठ्ठे या शहरात साठत गेले.

३/ त्यातला एक प्रकार म्हणजे ‘अर्ज-ओ-चेहरा’. मनसबदाराच्या पदरी असलेल्या स्वाराचे नाव, त्याच्या बापाचे नाव, वर्ण, भुवया, अंगावरचे तीळ आणि खुणा त्यात नोंदलेल्या असत. शेजारी त्याच्या घोड्याचा रंग आणि घोड्यावरचा डाग. कोणी एकच घोडा दोनदा दाखवून पैसे उचलू नयेत, एवढाच त्याचा हेतू. हजेरी झाली की कागदाचे काम संपले.

४/ १७६३ साली निजामाची राजधानी हैदराबादेस गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे मोगली दफ्तरही तिकडे हलवले गेले. आज तेलंगणाच्या राज्य अभिलेखागारात शहाजहान आणि औरंगजेब यांच्या काळचे दीड लाखाहून अधिक कागद आहेत. युसूफ हुसेन यांनी १९५० साली शहाजहानकालीन निवडक कागद संपादून प्रसिद्ध केले. हजेरीपुरत्या लिहिलेल्या या चिठ्ठ्यांवरूनच मोगली फौजेत कोण कोण होते आणि कुठून आले होते, याचा अभ्यास होतो.

५/ इमारत बदलली, राजधानी बदलली, सत्ता बदलली, तरी दफ्तर उरले. कारण ते ज्या यंत्रणेने जन्माला घातले तिच्यापासून वेगळे करून उचलता येत होते, आणि कोणीतरी ते उचलले. संगणकाच्या इतिहासात ही ‘उचलून नेण्याची’ सोय फार हळूहळू आली. कशी, ते पाहू.

६/ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा भारतीय बनावटीचा संगणक कार्यान्वित झाला. त्याच्या मुख्य स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. आजच्या मापाने साधारण दहा किलोबाइट. ती फेराइटच्या बारीक कड्यांची स्मृती यंत्राच्या अंगातच विणलेली होती. यंत्र मोडीत निघाले की तीही त्याच्याबरोबर गेली.

७/ त्याआधी चार वर्षे, १९५६ साली, आयबीएमने ‘रॅमॅक’ आणला. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या, वजन टनाहून अधिक आणि क्षमता पन्नास लाख अक्षरांची. चुंबकीय लेप दिलेल्या फिरत्या तबकडीवर लिहायचे आणि हव्या त्या जागी थेट पोहोचून वाचायचे, हे हार्ड डिस्कचे मूळ तत्त्व इथून सुरू होते. टीव्हीच्या मालिकेसारखी टेप उलगडत बसण्याची गरज संपली.

८/ १९६२ साली आयबीएमनेच यंत्रातून काढता येणारा तबकड्यांचा संच आणला. १९७३ च्या ‘विंचेस्टर’ रचनेत तबकड्या आणि त्यांवर तरंगणारी वाचनशीर्षे एकाच बंदिस्त डब्यात आली, म्हणजे धुळीपासून सुरक्षित झाली. १९८० साली सीगेटने सव्वापाच इंची, पाच मेगाबाइटची डिस्क काढली. १९८३ च्या आयबीएम ‘एक्सटी’बरोबर दहा मेगाबाइटची डिस्क टेबलावरच्या संगणकात स्थिरावली.

९/ तरीही एका संगणकातली डिस्क दुसऱ्यात लावणे सोपे नव्हते. डिस्कवर काय आणि कसे लिहायचे, हे वेगळे नियंत्रक कार्ड ठरवत असे. कार्ड बदलले की तीच डिस्क मुकी होई. १९८६ च्या सुमारास आलेल्या आयडीई रचनेने हा नियंत्रक खुद्द डिस्कच्या पोटात बसवला. दफ्तराला स्वतःचा कारकून मिळाला म्हणा! आता ते कोणत्याही कचेरीत नेले तरी वाचून दाखवणारा सोबतच होता.

१०/ जुनी डिस्क नव्या संगणकात वापरता येते, ती या बदलामुळे. एका चपट्या केबलवर दोन डिस्क, मागच्या पिनांवर इवलासा जंपर, एक ‘मास्टर’ आणि एक ‘स्लेव्ह’: ज्यांनी २००० च्या दशकात कॅबिनेट उघडले आहे त्यांना हे आठवत असेल. १९९५ साली इंटेलने ‘एटीएक्स’ मापे ठरवली, म्हणून मदरबोर्ड बदलला तरी कॅबिनेट तेच राहू शकले. २००३ पासून साटा केबल आली आणि जंपरची खटपट संपली.

११/ भारतात याला आणखी एक अंग आहे. नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात काहीशी सैल केली आणि १९९१ नंतर सुटे भाग बाजारात मिळू लागले. मुंबईचा लॅमिंग्टन रोड अशा भागांचे माहेरघर ठरला. तयार ब्रँडेड संगणक परवडत नसे, म्हणून सुटे भाग जुळवून केलेला ‘असेम्बल्ड’ संगणक गावोगावी पोहोचला. जो जुळवून केला, तो सोडवून पुन्हा जुळवताही येतो, हे ज्ञान त्याच्याबरोबर आले.

१२/ मराठवाड्यात हे ज्ञान शिकवणारी केंद्रेही होती. १९५८ साली स्थापन झालेल्या आणि आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाच्या परिसरात केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्स प्रशिक्षण संस्था उभी राहिली. तीच आजची ‘नायलिट’. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम गल्लोगल्ली पोहोचला. संगणकाची दुरुस्ती आणि वापर या दोन्ही विद्या याच काळात मध्यमवर्गीय घरांत शिरल्या.

१३/ त्या घरांतला संगणक जुन्या वाड्यासारखा वाढला. एका दिवाळीला रॅम दुप्पट, पुढल्या वर्षी सीडी रायटर, मग नवा मदरबोर्ड, मग मोठी हार्ड डिस्क. आणि जुनी डिस्क ‘असू दे’ म्हणून दुसऱ्या जागी. भारनियमनाच्या वर्षांत यूपीएस हा कुटुंबातला आणखी एक सदस्य. वीज अचानक गेली की फिरत्या तबकडीच्या उरलेल्या वेगातूनच ऊर्जा घेऊन नवी डिस्क आपले शीर्ष सुरक्षित जागी नेत असे. आरंभीच्या डिस्कना मात्र बंद करण्यापूर्वी ‘पार्क’ ही आज्ञा हाताने द्यावी लागे.

१४/ आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. या डिस्कांवर लिहिलेय काय? लग्नपत्रिका, प्रबंध, पतसंस्थेचे अहवाल, स्मरणिका, शाळेचे निकाल, वंशावळी, न छापलेल्या कविता, पत्रके, स्कॅन केलेली छायाचित्रे. म्हणजे १९९० ते २०१० या काळातल्या मराठी समाजजीवनाचे दफ्तर. छापील प्रत एखाद्या ग्रंथालयात असेल. पण मसुदे, दुरुस्त्या आणि जे कधी छापलेच गेले नाही ते फक्त इथे.

१५/ आणि ते सहजी वाचता येत नाही. त्या काळचे बहुतेक मराठी टंकलेखन श्री-लिपी, आकृती, शिवाजी, किरण अशा फॉन्टांत झाले. यांत फाइलीमध्ये मराठी अक्षर साठवले जातच नसे. साठवला जाई इंग्रजी किंवा तत्सम चिन्हाचा क्रमांक, आणि फॉन्ट त्या चिन्हाच्या जागी मराठी आकृती रंगवून दाखवी. फॉन्ट काढून घेतला की उरतो तो निरर्थक चिन्हांचा कचरा.

१६/ फरक नेमका कळण्यासाठी आपल्याच शहरातले एक नाव घेऊ: ‘किल्ले अर्क’, औरंगजेबाने १६९२ च्या सुमारास बांधलेला राजवाड्याचा कोट. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिताना डोळ्यांना दिसते तसे आधी वेलांटी आणि मग ‘क’ साठवला जाई. ‘अर्क’मधला रफार उलट शेवटी, ‘क’ नंतर येई. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतो: आधी ‘क’, मग वेलांटी, आधी अर्धा ‘र’, मग ‘क’. जुना मजकूर नव्यात आणायचा म्हणजे नुसती अक्षरे बदलून भागत नाही, त्यांचा क्रमही फिरवावा लागतो.

१७/ इतिहासाच्या अभ्यासकाला हे ओळखीचे वाटेल. मोडी कागद पुढ्यात आहे, भाषा मराठीच आहे, पण वाचता येत नाही. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारातून मागे पडली आणि नातवाला आजोबांचे खतपत्र परके झाले. डिजिटल मराठीत तेच अंतर वीस वर्षांत पडले. मोडी वाचक निदान प्रशिक्षणाने तयार होतात. इथे नेमका तोच फॉन्ट किंवा त्याचा रूपांतर-तक्ता हाताशी असावा लागतो.

१८/ तो फॉन्ट बहुधा त्याच जुन्या डिस्कवर असतो! विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ नावाच्या फोल्डरात. म्हणून केवळ ‘कामाच्या फाइली’ काढून घेऊन डिस्क पुसणे, म्हणजे मोडी कागद ठेवून बाराखडी जाळणे होय. काही मराठी सॉफ्टवेअर तर संगणकाच्या मागील समांतर पोर्टला ‘लॉक’ लावल्याशिवाय उघडतच नसे. नव्या मदरबोर्डवरून तो पोर्ट नाहीसा झाला. छपाईच्या दुकानात विंडोज ९८ चा एखादा म्हातारा संगणक का जपला जातो, याचे उत्तर यात आहे.

१९/ प्रमाणीकरण झाले नव्हते असे नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर साधने उभारली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीसह आली. पण सर्वसामान्यांच्या संगणकात देवनागरी युनिकोड शिरले ते विंडोज २००० आणि एक्सपीपासून, आणि सवय बदलायला आणखी एक दशक गेले. मानक आणि व्यवहार यांच्यामधल्या त्या खिंडीत आपले हे दफ्तर अडकले आहे.

२०/ या साधनांची चिकित्साही कागदासारखीच करावी लागते. मदरबोर्डवरची लहान बॅटरी संपली की घड्याळ मागे जाते. त्यामुळे अनेक जुन्या फाइलींवर १ जानेवारी १९८० ही तारीख सापडते, कारण डॉसची कालगणनाच तिथून सुरू होते. अशी तारीख म्हणजे संगणकाने केलेली बनावट शकावलीच! तेव्हा मजकुरातला अंतर्गत पुरावा पाहायचा: कोणते वर्ष, कोणता प्रसंग, कोणता दूरध्वनी क्रमांक.

२१/ नावेही बोलतात. २००३ सालच्या फाइलीत ‘औरंगाबाद’ असेल, आज तयार होणाऱ्या फाइलीत ‘छत्रपती संभाजीनगर’ असेल. २०२३ साली झालेला हा बदल शंभर वर्षांनी कोणा संशोधकाला फाइलीचा काळ ठरवायला उपयोगी पडेल. म्हणून जुन्या फाइली जपताना त्यांतली नावे ‘सुधारू’ नयेत. शोधता यावे म्हणून वेगळी सूची करावी. मूळ प्रत जशीच्या तशी ठेवावी. हा नियम कागदाच्या संपादकांनी घालून दिलेलाच आहे.

२२/ हे भय अतिरंजित आहे का? इंग्लंडचा दाखला पाहा. १०८६ च्या ‘डूम्सडे’ पाहणीला नऊशे वर्षे झाली म्हणून बीबीसीने १९८६ साली तिची नवी आवृत्ती काढली. दहा लाखांवर लोकांनी हातभार लावला. मजकूर आणि चित्रे लेसर-डिस्कवर साठवली. पंधरा-सोळा वर्षांतच ती वाचणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि मजकूर वाचवण्यासाठी संशोधकांना खास प्रयत्न करावे लागले. चामड्यावरची अकराव्या शतकातली मूळ वही मात्र शाबूत होती.

२३/ दुसरी बाजूही आहे: पुसलेले लगेच नाहीसे होत नाही. फाइल ‘डिलीट’ केली की हार्ड डिस्कवरची अनुक्रमणिकेतली नोंद जाते. मजकूर त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत राहतो. आर्किमिडीजचे ग्रंथ असलेले दहाव्या शतकातले हस्तलिखित तेराव्या शतकात खरवडून त्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९०६ साली हायबर्ग या पंडिताने खालचा मजकूर ओळखला. यावरून दोन धडे. चुकून पुसले गेले असेल तर त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नका. आणि डिस्क परक्याला देणार असाल, तर नुसते ‘डिलीट’ पुरेसे नाही.

२४/ हा विषय आजच का? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा संपला आणि अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. म्हणजे घरोघरी कॅबिनेट उघडण्याचा हंगाम आहे. जुन्या यंत्राला एसएसडी आणि थोडी रॅम दिली, हलकी लिनक्स प्रणाली टाकली, की ते आणखी काही वर्षे सुखाने चालते. या नूतनीकरणात जुनी डिस्क बाहेर येते, आणि दफ्तर पुसले जाण्याचा धोका नेमका याच घटकेला असतो.

२५/ म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम डिस्क नव्या संगणकाला दुसरी डिस्क म्हणून, किंवा यूएसबी जोडणीने लावावी. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. नुसती यूएसबी पुरत नाही. आयडीई आणि साटा यांचे अडॅप्टर वेगळे. ‘फॉरमॅट करू का?’ असे संगणकाने विचारले तर नकार द्यावा. खरखर वा टकटक आवाज आला तर पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नये. महत्त्वाचा मजकूर असेल तर जाणकाराकडे न्यावी.

२६/ मग संपूर्ण डिस्कची प्रत घ्यावी, फॉन्टांसह. एक प्रत घरात, दुसरी अन्यत्र. त्यानंतरच मराठी फाइलींची युनिकोड रूपांतरे करावीत, आणि तीही मूळ फाइलींच्या शेजारी, त्यांच्या जागी नव्हे. डिस्कची ‘स्मार्ट’ तपासणी चांगली आली तर ती दुय्यम प्रतीसाठी खुशाल वापरावी. वीज न देता दीर्घकाळ पडून राहिल्यास एसएसडीतला विद्युतभार हळूहळू गळतो. चुंबकीय तबकडी त्या बाबतीत अधिक धीराची. मात्र तिचे फिरते भाग अडकू शकतात, म्हणून एकमेव प्रत कुठेच ठेवू नये.

२७/ जी डिस्क खरोखरच निकामी झाली, ती कचराकुंडीत नव्हे, अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावी. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आत ॲल्युमिनियम आहे, तांबे आहे, शक्तिमान चुंबक आहेत. त्यांचाही पुनर्वापर होतोच.

२८/ शेवटी सर्वांत स्वस्त काम, आणि सर्वांत दुर्लक्षित. डिस्कवर एक चिठ्ठी चिकटवा: कोणाची, कोणत्या संगणकातली, कोणत्या वर्षांतली, आत काय आहे आणि मराठी कोणत्या फॉन्टमध्ये आहे. दफ्तरखान्यात रुमालाला चिठ्ठी असते म्हणून रुमाल सापडतो. घोड्याचा डाग नोंदवणाऱ्या त्या कारकुनाला आपण इतिहास लिहितो आहोत, याची कल्पना नव्हती. आपल्याला ती आहे; एवढाच आपला त्याच्याहून जास्तीचा अधिकार, आणि तेवढीच जास्तीची जबाबदारी.